संथ प्रवासाची बाजू

कार्यकर्त्याच्या आयुष्याचा बराच भाग प्रवासात जातो. शिबिरे, बैठका, मोर्चे, कोर्टाच्या तारखा, निवडणुका, सहकाऱ्यांच्या घरची लग्ने आणि अंत्ययात्रा यांसाठी तो वर्षभर हिंडत असतो. एवढे हिंडूनही ज्या रस्त्याने आपण शंभर वेळा गेलो त्या रस्त्याविषयी आपल्याला काय ठाऊक आहे, असे कोणी विचारले, तर थांब्यांची नावे आणि चहा कोठे बरा मिळतो यापलीकडे बहुतेकांना फारसे सांगता येणार नाही. प्रवास म्हणजे दोन कामांमधला वाया गेलेला वेळ आणि तो जितका कमी होईल तितका बरा, ही समजूत आता सार्वत्रिक झाली आहे. नवे महामार्ग याच समजुतीवर उभे आहेत. किती मिनिटे वाचली, हेच त्यांच्या यशाचे माप. वाचलेल्या मिनिटांचा हिशेब सगळेच मांडतात. त्या मिनिटांबरोबर आपल्या नजरेआड काय गेले, याचा हिशेब मांडायला मात्र कोणी बसत नाही. तो येथे थोडा मांडून पाहावयाचा आहे. उदाहरणादाखल आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या ओळखीचा मार्ग घेऊ : मुंबई-पुणे रस्ता आणि त्यावरील बोरघाट.

या दोन शहरांमधील द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि पायी जाणारा माणूस यांना त्यावर मज्जाव आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा नियम योग्यच म्हणावा लागेल. परंतु त्याचा एक अर्थ असाही होतो, की ज्यांची गती मुळातच संथ आहे त्यांना या रस्त्याच्या जगात स्थान नाही. त्यांच्यासाठी जुना रस्ता उरला. आणि गंमत अशी, की पाहण्यासारखे, थांबण्यासारखे, विचार करण्यासारखे जे काही आहे ते बहुतेक सारे याच जुन्या रस्त्याच्या काठाला आहे.

घाट कोणी बांधला?

घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणविसांनी बांधविलेला तलाव आणि वीरेश्वराचे देऊळ आहे. घाट चढण्यापूर्वी माणसाला आणि जनावराला, दोघांनाही, थांबावेच लागे. त्या काळातील ही सोय. गाडीरस्ता पुढे १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत झाला. तोवर मालाची ने-आण मुख्यत्वे बैलांच्या पाठीवरून होत असे.

खोपोली सोडून जुन्या रस्त्याने वर चढू लागले की शिंगरोबाचे देऊळ लागते. गाडी हळू करून एखादे नाणे टाकल्यावाचून पुढे न जाणारे चालक आजही आहेत. कथा अशी सांगतात : इंग्रज अभियंत्यांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने ती दाखविली. बक्षीस काय हवे, असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याबद्दल त्याला गोळी घालण्यात आली. ही दंतकथा आहे, तिच्याकडे दंतकथा म्हणूनच पाहिले पाहिजे. परंतु दंतकथा काय जपून ठेवतात, हेही पाहण्यासारखे असते. डोंगरातील वाट मेंढ्यांमागे हिंडणाऱ्याला ठाऊक होती, तिच्यावर नाव मात्र दुसऱ्याचे लागले, ही खूणगाठ लोकांनी या कथेत बांधून ठेवली आहे. पाठ्यपुस्तकाने जे सांगितले नाही ते घाटाच्या वळणावरील एका लहानशा देवळाने सांगितले.

वरून लोहमार्ग दिसतो. या चढणीचे काम १८५६ ते १८६३ अशी सात वर्षे चालले. पंचवीस बोगदे खणावे लागले. काम भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर या डोंगरात राबत होते. स्त्रिया आणि मुलेही त्यांत होती. पटकी, हिवताप, दरडी आणि सुरुंग यांनी त्यांतील हजारोंचा बळी घेतला. १८५९ च्या आरंभी मजुरी थकल्यामुळे कामगारांनी उठाव केला, तो याच घाटात. आपल्याकडील कामगार चळवळीचा इतिहास आपण गिरण्यांपासून सुरू करतो. त्याच्या कितीतरी आधी खंडाळ्याच्या दरीत माणसे आपल्या घामाचे पैसे मागत उभी राहिली होती. कंत्राटदार फेव्हिएल, त्याच्यानंतर आलेला आणि थोड्याच काळात मरण पावलेला ट्रेडवेल, पतीच्या पश्चात काम तडीस नेणारी ॲलिस ट्रेडवेल ही नावे इतिहासात राहिली. मजुरांच्या नावांची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. बोगद्याच्या अंधारात गाडी शिरताच आपण खिडकी लावून घेतो. त्या अंधाराला किंमत पडली आहे, एवढे तरी त्या क्षणी आपल्याला आठवावे.

स्मरण कसे पुसले जाते याचे उदाहरणही याच घाटात आहे. खंडाळ्याजवळ एक ब्रिटिशकालीन पूल होता. त्यावर कधीकाळी डोकेदुखीच्या मलमाची जाहिरात होती, म्हणून लोक त्याला अमृतांजन पूल म्हणू लागले. त्याच्या कमानींमुळे वाहतूक तुंबे, अपघात होत. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना सुरुंग लावून तो पाडण्यात आला. पाडण्यास कारण होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु दगड घडविणाऱ्यांचे नाव जाऊन जाहिरातीचे नाव राहावे आणि शेवटी तोही दगड जावा, हा क्रम विचार करावयास लावणारा आहे.

सामी सुताराची सही

घाट चढून खंडाळा-लोणावळा मागे टाकले की कार्ल्याचा फाटा येतो. कार्ल्याच्या डोंगरातील चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. आत गेल्यावर मान वर करून छताकडे पाहावे : सागवानी लाकडाच्या प्राचीन कमानी अजून तेथे आहेत. खांबांवर आणि दारांजवळ ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरली आहेत. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, भिक्षुणी आहेत, धेनुकाकट नावाच्या गावचे यवन आहेत, गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. आणि त्याच धेनुकाकटचा सामी नावाचा एक सुतार आहे, वेणुवासाचा मुलगा. दाराचे काम त्याने केले, अशी नोंद दगडात आहे. एकोणिसाव्या शतकातील चाळीस हजार मजुरांना जे मिळाले नाही ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका सुताराला मिळाले! प्रगतीची रेषा नेहमीच सरळ वर जात नाही, हे शिकावयास याहून चांगला वर्ग कोठे सापडेल?

हा वर्ग ज्यांनी आपल्यासाठी भरविला त्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. कोसंबी व्यवसायाने गणिती. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जाणे-येणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. परंतु सुट्टीच्या दिवशी हा माणूस काठी घेऊन पुण्याच्या टेकड्या आणि मावळातील वाटा पायी तुडवीत असे. वाटेत सापडणारी अश्मयुगीन गारगोटीची बारीक हत्यारे, शेंदूर फासलेले तांदळे, गावाबाहेरच्या देवी, धनगरांच्या चराईच्या वाटा आणि बौद्ध लेणी यांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न त्यांनी विचारला. जुन्या देवीस्थानांच्या आणि मेंढपाळांच्या वाटा अनेक ठिकाणी एकच आहेत, आणि लेणी व्यापारी मार्गांच्या कडेला आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिॲलिटी' या ग्रंथातील विवेचन अशा पायपिटीतून उभे राहिलेले आहे. कार्ल्याला चैत्याच्या दाराशीच एकवीरेचे देऊळ आहे आणि चैत्रात समुद्रकाठचे कोळी व आगरी घाट चढून तिच्या यात्रेला येतात. कोकणपट्टी आणि देश यांना जोडणारी ही वाट किती जुनी असेल, याचा अंदाज त्या गर्दीकडे पाहून बांधता येतो. कोसंबींचे सर्वच निष्कर्ष आज कोणी मानावेत असे नाही. त्यांची रीत मात्र आपली आहे : इतिहास कागदावर वाचायचा तसाच जमिनीवर चालतही वाचायचा, आणि तो वाचताना गुराख्याला, गुरवाला, मोलकरणीला प्रश्न विचारायला लाजायचे नाही.

अशी साधने केवळ कार्ल्यालाच आहेत असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात गावोगावी मारुतीच्या देवळापाशी, वेशीवर, विहिरीच्या काठाला वीरगळ उभे असतात. खालच्या कप्प्यात लढाई, बहुधा गुरे वाचविण्यासाठी झालेली. मधल्या कप्प्यात अप्सरा वीराला वर नेताहेत. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. बहुतेकांवर नाव नसते. रस्ता रुंद होतो तेव्हा असा दगड यंत्राच्या एका हिसक्यासरशी मातीत जातो, आणि गेल्याचे कोणाला कळतही नाही, कारण तो होता हेच कोणी पाहिलेले नसते.

नाहीसे होणे आणि न दिसणे

जे दगडांचे तेच रानाचे. माघ-फाल्गुनात या घाटात पळस, पांगारा आणि सावर एकामागून एक फुलतात. पाने झडलेल्या त्या झाडांवर साळुंक्या, बुलबुल आणि कोतवाल यांची झुंबड उडते. मृगाआधी राजमाचीच्या रानात काजव्यांनी झाडेच्या झाडे लुकलुकतात. पाऊस सुरू झाला की दरीतील ओढ्यांच्या काठाने शीळकरी कस्तूर पहाटे असा शीळ घालतो, की कोणी शाळकरी पोर रमतगमत चालले आहे असे वाटावे. शेतकरी पावशाचा आवाज ऐकतो आणि 'पेरते व्हा' असा त्याचा अर्थ लावतो. भाद्रपदात सड्यांवर सोनकी आणि तेरडा पसरतो. कारवी तर कित्येक वर्षे नुसती पाने मिरविते आणि मग एका वर्षी सारा उतार जांभळा करून टाकते. यांतील एकही गोष्ट पाहण्यास तिकीट लागत नाही. थांबावे मात्र लागते.

पाहण्याची सवय नसली की काय होते, हे गिधाडांनी आपल्याला दाखविले आहे. पूर्वी सह्याद्रीच्या कड्यांवर गिधाडे होती. मेलेल्या गुराभोवती त्यांचा थवा उतरलेला पाहणे ही प्रवासातील नित्याची गोष्ट होती. १९९० नंतर ती वेगाने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात पंधरा वर्षांत शंभरातील एकही उरू नये इतकी घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मुळाशी होते. ते औषध अंगात असलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण शास्त्रज्ञांना २००३ च्या सुमारास उमगले आणि २००६ साली गुरांसाठीच्या या औषधावर भारतात बंदी आली. तोवर आकाश रिकामे झाले होते. लक्षावधी माणसे रोज त्या आकाशाखालून प्रवास करीत होती. एखादा पक्षी दिसेनासा झाला आहे, हे ध्यानी येण्यासाठी तो पूर्वी दिसत होता याची आठवण असावी लागते. ज्याने पाहिलेच नाही त्याला हरवल्याची खंत नाही, आणि ज्याला खंत नाही तो तक्रार तरी कशाची करणार? पाहणे ही करमणूक आहे खरी, पण ती लोकांच्या मालमत्तेवरील पहाऱ्यासारखीही आहे.

हे चोचले आहेत काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आपल्यातूनच येईल. फुले-पाखरे पाहणे हा सुखवस्तूंचा उद्योग. ज्याला पोटासाठी धावायचे आहे त्याला घाटात थांबून शीळ ऐकायला सवड कोठली? आक्षेप गंभीर आहे. त्याला उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट, वेगाचा द्वेष करण्याचे कारण नाही. रुग्णवाहिकेला वेग हवा, भाजीपाला घेऊन निघालेल्या शेतकऱ्यालाही हवा. दुसरी गोष्ट, ज्याला खरोखर पोटासाठी धावायचे आहे तो गरीब माणूस बहुधा संथच प्रवास करतो. साध्या एसटीने, लोकलने, सायकलने, नाही तर पायी. मेंढ्यांमागे चालणारा धनगर, वीटभट्टीच्या हंगामासाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेले कातकरी कुटुंब यांची संथ गती हौसेची नाही. परंतु पाहणे हे त्यांच्या जगण्याचे साधन आहे. वैशाखात घाटाच्या कडेला द्रोणात करवंदे आणि जांभळे घेऊन बसलेल्या बाईला कोणते झाड कोणत्या उतारावर केव्हा पिकते, हे ठाऊक असते. त्या डोंगराला कुंपण पडले की तिचा द्रोण रिकामा होतो. मोटार थांबवून करवंदे घेणाऱ्याने भाव करण्याऐवजी 'बाई, हे आता कोठून आणावे लागते?' एवढा प्रश्न विचारला, तर जमिनींच्या खरेदी-विक्रीचे जे चित्र त्याला मिळेल ते कोणत्याही अहवालात इतक्या थोडक्यात सापडणार नाही. निसर्ग पाहणे आणि समाज पाहणे ही दोन कामे रस्त्याच्या कडेला एकच होतात, ती अशी.

तिसरी गोष्ट, पाहण्यासाठी संपत्ती लागत नाही. सालिम अली जर्मनीहून परतले तेव्हा त्यांच्यापाशी नोकरी नव्हती. त्या रिकाम्या काळात अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे निरीक्षण केले. एक नर एकामागून एक घरटी विणतो आणि अनेक माद्यांशी संसार मांडतो, हे त्यांनी १९३० च्या सुमारास तेथे टिपले आणि त्याच अभ्यासाने त्यांचे नाव झाले. सुगरणींची घरटी आजही विहिरीवर वाकलेल्या बाभळींना लोंबताना दिसतात. ती पाहण्यास लागते ती सवड आणि चिकाटी. सवड ही काही मोजक्यांचीच मिरास राहावी, असे आपण तरी कधी मानलेले नाही. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी जगभरचे कामगार लढले, ते उरलेल्या वेळात माणूस म्हणून जगता यावे यासाठीच.

खरा चोचलेपणा निराळाच आहे. द्रुतगती मार्गाने दीड-दोन तासांत येऊन, भिंतीआड विकत घेतलेला डोंगर गच्चीवरून पाहणे आणि वाटेत माकडांना वेफर्स फेकून त्यांना रस्त्यावर आणून मारणे, याला निसर्गप्रेम म्हणण्याची प्रथा पडली आहे. या प्रवाशाला रस्त्याचा वर्तमानकाळही दिसत नाही. याच द्रुतगती मार्गावर बौरजवळ ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने शहराकडे नेण्यास विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. एका क्रांतिदिनी सांडलेले ते रक्त त्या डांबरावर आहे. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने तेथून जाताना हे कोणाला कळणार?

करावयाचे काय?

तेव्हा काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शिबिराला किंवा बैठकीला जाताना एका बाजूचा प्रवास तरी जुन्या रस्त्याने, साध्या गाडीने करावा; आणि शिबिरात एक सकाळ त्या गावाभोवती चालण्यासाठी, गावातील जाणत्या माणसाला पुढे घालून, राखून ठेवावी. दिसलेले लिहून ठेवावे : कोणते झाड, कोणता दगड, कोणती विहीर, कोणता पक्षी, कोणत्या महिन्यात आणि कोणी सांगितले. अशा वह्यांना सरकारी आधारही मिळू शकतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने समिती नेमून लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. अनेक ठिकाणी हे काम कागदोपत्री उरकले गेले आहे. ती वही ग्रामसभेत उघडून वाचा, चुकले असेल तेथे दुरुस्त करा, धनगराची आणि कातकऱ्याची साक्ष तिच्यात नोंदवा.

मागण्याही केल्या पाहिजेत. रस्ता रुंद करण्यापूर्वी त्याच्या दोन्ही कडांची झाडे, बारवा, वीरगळ आणि देवस्थाने यांची यादी गावात जाहीर वाचली जावी. अशा मागणीचा उपयोग होतो. सांगली जिल्ह्यातील भोसे येथे महामार्गाच्या आड येणारा, सुमारे चारशे वर्षांचा समजला जाणारा वड २०२० साली तोडला जाणार होता. गावकरी आणि पर्यावरणाचे कार्यकर्ते उभे राहिले आणि रस्त्याने आपली आखणी बदलली. पुढे २०२२ च्या पावसाळ्यात तो वड आपल्या वयाने कोसळला. म्हणून ती लढाई फुकट गेली असे नाही. झाडासाठी रस्ता वळू शकतो, हे तिने सिद्ध करून ठेवले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एसटीची साधी सेवा टिकली पाहिजे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून या राज्याने आपला मुलूख पाहिला तो तिच्या खिडकीतून. वाडीवस्तीवर थांबणाऱ्या फेऱ्या तोट्याच्या म्हणून बंद होतात, तेव्हा त्या वाडीकडे पाहणारे डोळेही बंद होतात.

जो मुलूख बदलावयाचा आहे तो आधी पाहिला पाहिजे. तो आकडेवारीतून समजतो, भाषणांतून थोडा समजतो. परंतु त्याची ओळख पटते ती त्याच्या कडेकडेने, थांबत, विचारीत गेल्यानेच. पुढच्या वेळी घाट चढताना हातातील यंत्र खिशात ठेवावे आणि शेजारच्या प्रवाशाला विचारावे, 'ते समोरचे झाड कोणते हो?' त्याला ठाऊक असेल तर आपण शिकू. नसेल तर दोघेही खिडकीबाहेर पाहू लागतील. आणि सुरुवातीला तेवढे पुरेसे आहे.